बाळाचे कपडे घरी शिवायला घेताय? सुरुवात झबल्यापासून करा

पहिला फ्रॉक मी तीन रात्री जागून शिवला. गुलाबी पॉपलीनचा, गळ्याला पांढरी लेस, कमरेला चुण्या. मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिला अंघोळ घालून, तीट लावून मोठ्या हौसेनं फ्रॉक घालायला गेले, तर तो कपाळावरच अडला. ती रडायला लागली आणि मी गळा ओढत राहिले. सासूबाई बाजूला ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "आते डोकं कथाईन जाई वं?" म्हणजे, आता डोकं कुठून जाईल गं?

क्लासमध्ये शिकवलेल्या हिशेबानं गळा बरोबर होता. तो छातीच्या मापावरून काढलेला होता. डोक्याचं माप मात्र मी घेतलंच नव्हतं, कारण ते घ्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर माझ्या दोन्ही मुलांचे आणि नणंदेच्या, बहिणीच्या लेकरांचे कितीतरी कपडे शिवले. अमळनेरला आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की आता माझ्याकडे लुगडं येतं आणि त्याची झबली होऊन परत जातात. ज्या चुका करत मी शिकले त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: कपड्याची बाहेरची बाजू आपण बघतो, बाळाच्या अंगाला लागते ती आतली. म्हणून शिवताना कपडा सारखा उलटा करून बघायची सवय लावून घ्या.

१. कापड निवडणं

आपला मुलूख कापसाचा. अमळनेरला प्रताप मिल, जळगावला एकेकाळी खान्देश मिल, म्हणजे कापड विणण्याचा वारसाही आपल्याकडे आहे. पण सुरत रेल्वेनं जोडलेलं, त्यामुळे दुकानात गेलं की पहिल्यांदा पुढ्यात येतं ते तिकडचं चमकदार, स्वस्त, न चुरगळणारं कापड. ते मोठ्यांच्या साडीला ठीक आहे. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि असलं कापड घाम टिपत नाही. बाळाच्या मानेला, काखेत, पाठीला घामोळ्या उठतात. लहान बाळासाठी सुतीच घ्या.

सुती म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का, हे घरी तपासता येतं. कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटानं चुरडली की मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि गार झाल्यावर त्याची कडक गुठळी होते. राख आणि गुठळी दोन्ही मिळाली तर कापड मिश्र आहे. ही तपासणी बाळ दुसऱ्या खोलीत असताना करा, आणि गुठळी पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका.

उन्हाळ्यासाठी मलमल, वायल किंवा कॅम्ब्रिक उत्तम. पॉपलीन थोडं जाड असतं, ते चड्डीला आणि मोठ्या मुलांच्या शर्टाला चांगलं. धुळ्याकडे थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हासाठी सुती फ्लॅनेल घ्या. होजिअरीचं ताणणारं कापड पहिल्याच खेपेला घेऊ नका. त्याला वेगळी सुई लागते आणि शिवताना ते लाटांसारखं पसरतं.

पण पहिल्या झबल्यासाठी सगळ्यात चांगलं कापड तुमच्या घरातच आहे: आजीचं वापरून मऊ झालेलं सुती लुगडं. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि कापताना चुकलं तरी जीव हळहळत नाही. उजेडासमोर धरून विरलेला भाग टाळा. मध्यभाग बहुधा विरलेला असतो, काठाजवळचा आणि पदराजवळचा टिकून असतो.

इथे एक सावधगिरी आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं लुगडं नुसतं उन्हात दाखवून बाळाला वापरू नका. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीननं फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे आपल्याला बहुधा माहीत नसतं. म्हणून नवजात बाळासाठी मी गोळ्यांतलं कापड घेतच नाही. बाळाचे तयार कपडेही डांबर गोळ्यांसोबत ठेवायचे नाहीत.

२. काय काय जवळ हवं

- मापाची टेप. नवी घ्या, जुनी ताणलेली असते.
- दोन कात्र्या, एक कापडाची आणि एक कागदाची. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार जाते, म्हणून तिच्या मुठीला चिंधी बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून उचलणार नाही.
- कापडावर खुणा करायचा खडू. गडद कापडाला पांढरा, पांढऱ्या कापडाला फिका निळा.
- खाकी कागद. वर्तमानपत्राची शाई हलक्या रंगाच्या कापडाला लागते.
- टाचण्या मोजून दहा.
- शिलाई उसवायचं उसवणं.
- हातसुया, पांढरा आणि कापडाच्या रंगाचा सुती दोरा.
- मशीनच्या ११ आणि १४ नंबरच्या सुया. मलमल-वायलला ११, पॉपलीनला १४.
- इस्त्री.

टाचण्या मोजून का, ते सांगते. एकदा झबल्याची खालची दुमड शिवल्यावर एक टाचणी आत राहून गेली. इस्त्री फिरवताना ती खट्ट वाजली म्हणून कळलं. नाहीतर ते झबलं तसंच बाळाच्या अंगावर गेलं असतं. तेव्हापासून दहा काढते, काम संपल्यावर दहा मोजून डबीत ठेवते. नऊ भरल्या तर दहावी सापडेपर्यंत कपडा घडी होत नाही.

३. मशीनवर हात बसवणं

नवी मशीन घेण्याची घाई करू नका. बहुतेक घरांत कुणाच्या तरी लग्नातली पायमशीन झाकून ठेवलेली असते. तिला तेल घाला, दातऱ्यांखाली (कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली) साचलेली कापसाची लव ब्रशनं काढा, चामडी पट्टा सैल झाला असेल तर बदलून घ्या. वीज गेली तरी पायमशीन चालते आणि वेग पायात राहतो, त्यामुळे नवशिक्याला ती सोपीच जाते.

दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर सुई चालवा. रेघेवर भोकं पडली पाहिजेत. सरळ रेघ जमली की कंपासनं वर्तुळ काढा आणि त्यावर चालवा, कारण बाळाच्या कपड्यात गळा आणि मुंढा (हात घालायची काखेची गोलाई) हीच खरी कसोटी असते. मी हे आठवडाभर केलं. मग तीच सुई काढून नवी लावा, कागदानं तिची धार गेलेली असते. जुनी सुई काढायच्या आधी तिची चपटी बाजू कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा आणि नवी तशीच बसवा.

नवशिक्याला सगळ्यात जास्त रडवतो तो कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी) वर उचललेली हवी. ती खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि खाली ढीग होतो. दाबपट्टी उचला, पूर्ण दोरा काढा, पुन्हा ओवा.

रांगतं मूल घरात असेल तर ते झोपल्यावरच मशीन उघडा. खालचं चाक आणि पट्टा त्याच्या हाताच्या उंचीवरच असतो.

४. मापं: आधी डोकं

बाळ झोपलेलं असताना मापं घ्या. उंची, छाती, खांदा, कंबर आणि सगळ्यात आधी डोक्याचा घेर. टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या फुगीर भागावरून फिरवायची.

जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण साडेतेरा ते चौदा इंच असतं, सहा महिन्यांना सतराच्या आसपास, वर्षाला अठरा. वर्षाच्या बाळाची छातीही साधारण तेवढीच असते. मोठ्या माणसाचं डोकं छातीच्या मानानं लहान, म्हणून ब्लाउज-कुर्त्याचा हिशेब त्याला चालतो. बाळाला तो हिशेब लावला की माझ्या गुलाबी फ्रॉकसारखं होतं.

दुसरा मुद्दा वाढीचा. जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटर असलेलं बाळ वर्षभरात ७५ च्या आसपास जातं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बरोबर बसलेलं झबलं पोळ्याला आखूड होतं. म्हणून आजच्या मापाला कधीच शिवू नका. घेरात सैल ठेवा, उंचीत दोन इंच जास्त धरा आणि शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, सोडा.

५. कागदावर आखणी

वर्षाच्या बाळाचं, छाती १८ इंच, बिनबाह्यांचं झबलं धरून सांगते. कागद दुहेरी न घेता अर्ध्याच भागाची आखणी करायची, कारण कापड घडीवर कापायचं आहे.

कागदाची सरळ कड ही मध्यरेषा. तिच्यावर उंची १५ इंच. वरून आडवा खांदा अर्धा, म्हणजे ४ इंच. त्यातले गळ्याची रुंदी २ इंच, उरलेले २ इंच खांदपट्टी. खांद्याला बाहेरच्या टोकाला अर्धा इंच उतार द्या. मुंढ्याची खोली छातीचा चौथा भाग अधिक अर्धा, म्हणजे ५ इंच. छातीच्या रेषेवर रुंदी छातीचा चौथा भाग साडेचार अधिक दीड इंच सैल, म्हणजे ६. खाली घेर ८ इंच आणि दोन्ही बिंदू तिरक्या रेषेनं जोडा. गळ्याची खोली पुढे सव्वादोन इंच, मागे पाऊण इंच.

आता डोक्याचा हिशेब. असा गळा टेप उभी धरून मोजला तर पूर्ण घेर ११ इंचांच्या आसपास भरतो. डोकं १८. म्हणजे ७ इंच कमी पडतात. गळा मोठा केला तर झबलं खांद्यावरून घसरतं. उपाय एकच: मागे मध्यावर ४ इंचांची चीर द्यायची. चिरेला दोन कडा असतात, म्हणून ४ चे ८ होतात. ११ आणि ८ मिळून १९. डोकं सुखानं जातं. माझ्या गुलाबी फ्रॉकला सासूबाईंनी त्याच दुपारी मागे चीर देऊन पट्टी लावली आणि पुढे तो फ्रॉक दोन मुलींच्या अंगावर फिरला.

अगदी तान्ह्या बाळासाठी डोक्यावरून घालायचं काही शिवूच नका. समोरून एकावर एक येणारं, कुशीला बांधायचं बंदाचं झबलं त्याला सोयीचं. त्याची मान धरून कपडा चढवायची कसरत टळते.

६. कापड बेतणं

नवं कापड आधी पाण्यात रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवून झाल्यावर आटलं तर शिवणी चुण्या धरतात. रंग जात असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. संक्रांतीच्या बोरन्हाणाचं काळं कापड घ्याल तेव्हा हे हमखास लागेल.

३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) पाऊण मीटर कापड या झबल्याला पुरतं. दोन्ही काठ मधोमध आणून मिळवा. म्हणजे डावीकडे एक घडी, उजवीकडे एक घडी तयार होते. एका घडीवर पुढचा भाग, दुसरीवर मागचा. कागदाची मध्यरेषा घडीला तंतोतंत लावायची, म्हणजे उभा धागा बाळाच्या उंचीत येतो. आडव्या धाग्यावर कापलेलं झबलं दोन धुण्यांत वाकडं लोंबतं.

खांदा आणि कुशीला अर्धा इंच माया सोडा, खाली दुमडीसाठी दोन इंच. गळ्याला आणि मुंढ्याला माया नको, तिथे पट्टी येणार आहे. उरलेल्या कापडाचा कोपरा तिरका दुमडून घडीच्या रेषेला समांतर सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या कापा. सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या गोलाईवर वळत नाही, उरेब वळते.

घडीवरून कात्री चालवू नका. हे वाचताना हसू येईल, पण पहिल्यांदा हात आपोआप तिकडे जातो आणि पुढचा भाग दोन तुकड्यांत हातात येतो.

७. शिवायचा क्रम

क्रम चुकला की उसवत बसावं लागतं, म्हणून हा क्रम वहीत लिहून मशीनसमोर लावा: चीर, खांदे, गळा, मुंढे, कुशी, खालची दुमड.

चिरेला नऊ इंचांची पट्टी लावताना चीर ओढून सरळ रेषेत धरा. टोकाशी पोचलात की सुई कापडात रुतवून ठेवा, दाबपट्टी उचला, कापडाची चुणी मागे सरकवा, मग पुढे जा. टीप टोकाच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) पलीकडून गेली पाहिजे. ती टोकावरून गेली तर पहिल्याच ओढाताणीत चीर कंबरेपर्यंत फाटते.

खांदे आणि कुशी उलटसुलट शिवणीनं शिवा. तिला क्लासमध्ये फ्रेंच शिवण म्हणतात. आधी कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर टीप मारा. कडा एक सुतावर कापा, इस्त्री करा. मग पालटून सुलट्या बाजू समोरासमोर आणा आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारा. सुटे धागे दोन टिपांच्या मध्ये बंद होतात. आतून एकही दशी दिसत नाही. याला दुप्पट वेळ लागतो आणि तो द्यावा. सुटा धागा बाळाच्या बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. बाळ रडत राहतं आणि कारण सापडत नाही. हातमोजे-पायमोजे शिवाल तेव्हा तर हे दहादा तपासा.

गळ्याला उरेब पट्टी लावताना पट्टी किंचित ताणून धरा, गळा मात्र ताणू नका. उलट झालं तर गळा झालरीसारखा उभा राहतो. पट्टी आत वळवून मी हातानंच हेम घालते, मशीनची दुसरी टीप मानेला टोचते असा माझा अनुभव आहे.

खालच्या दोन इंचांतला अर्धा इंच आधी दुमडा, मग दीड इंच, आणि मोठे टाके घाला. तीन महिन्यांनी ते उसवून झबलं इंचभर लांब करता येतं.

८. चड्डी

झबलं जमलं की चड्डी एका दुपारचं काम आहे. तिच्यात फक्त इलास्टिक नीट समजून घ्या. कंबर १८ असेल तर अर्धा इंची इलास्टिक अठराच इंच कापा, पण टोकं दोन इंच एकमेकांवर चढवून जोडा. कमरेला सोळा बसतं आणि आत दोन इंच शिल्लक राहतात. बाळ अंगानं भरलं की नेफा थोडा उसवून सैल करता येतं. नेफा एक इंचाचा ठेवा, सेफ्टी पिननं इलास्टिक ओवा. काढल्यावर पोटावर लाल वळ दिसला तर त्याच दिवशी सैल करा, उद्यावर टाकू नका.

९. बटणं, बंद, टिकल्या

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कपड्याला समोर बटण नको, मणी नको, टिकली नको. मूल ते चावून तोडतं आणि गिळतं, कधी ते श्वासनलिकेत अडकतं. मागे चिरेला एक टिच बटण पुरतं. ते दुहेरी दोऱ्यानं, प्रत्येक भोकातून चार-पाच टाके घालून लावा आणि मग आपल्या पूर्ण ताकदीनं ओढून बघा.

गळ्याभोवती नाडी कधीच ओवू नका. पाळण्याच्या कडीत किंवा दाराच्या कोयंड्यात अडकली तर फास बसतो. बंद कुशीलाच लावायचे, पाच-सहा इंचांपेक्षा लांब नकोत. कुंची शिवाल तेव्हाही हनुवटीखाली लांब गोंडे सोडू नका आणि बाळ झोपलं की कुंची उतरवा. उन्हाळ्यात घरात तर टोपडंही नको, बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते.

बारशाला किंवा बोरन्हाणाला चमचमतं हवंच असेल, तर आत सुती झबलं घाला आणि वरून तेवढ्या वेळापुरता तो कपडा. फोटो झाले की काढून घ्या. बाजारातल्या जाळीच्या फ्रॉकची आतली कड बाळाच्या काखेत कशी घासते ते एकदा स्वतःच्या कोपराच्या आत घासून बघा.

१०. घालण्याआधी

शिवून झालेला कपडा उलटा करा. दोऱ्यांची टोकं कापा. टाचण्या मोजा. मग सगळ्या शिवणी स्वतःच्या गालावरून फिरवा. जिथे टोचेल तिथे बाळालाही टोचणार आहे, तेवढी जागा पुन्हा शिवा. अगदी तान्ह्या बाळाला पहिले काही आठवडे झबलं उलटंच घातलं तरी चालतं, टिपा बाहेर राहतात.

खडू आणि बाजारातली खळ निघण्यासाठी सौम्य साबणानं धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, उन्हात वाळवा. पहिल्यांदा तासभर घालून काढा आणि मान, काखा, मांड्यांचे सांधे बघा. लाली असेल तर ती कुठे आहे त्यावरून कारण कळतं: एका रेषेत असेल तर शिवण, पसरलेली असेल तर कापड किंवा साबण.

मापांच्या वहीत तारीख टाकून डोकं, छाती, उंची लिहून ठेवा आणि कागदी आखणीवर बाळाचं वय घालून ती पाकिटात जपा. पुढे टेप लावाल तेव्हा डोकं थोडं वाढलेलं दिसेल. त्या पाकिटातला कागद काढून चीर त्या हिशेबानं लांब आखा आणि लुगड्याचा उरलेला तुकडा बेतायला घ्या.